भंगारातून उभा राहिला फिरता संसार

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे पहिल्यांदाच अमेरिकेला जाऊन आलो. आमचे भाईजान कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या एका उपनगरात बावीस वर्षांपासून राहतात. परतल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारले, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला नाही, न्यूयॉर्क पाहिले नाही. आम्ही खरे तेच सांगितले, "पाच आठवडे गॅरेजमध्ये होतो!" सगळे हसले.

भाईजान आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा घराच्या गॅरेजमध्ये एक ट्रेलर बांधत होते. गाडीच्या मागे जोडून डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर न्यायचा, झोपायला तंबू, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी, सगळा संसार त्यावरच. आम्ही दोघेही शिक्षक. हातात पाना धरायची सवय नाही. पण पाहुणे म्हणून नुसते बसवेना, म्हणून मदतीला उभे राहिलो. त्या मदतीत आम्हाला जे शिकायला मिळाले ते वाचकांना सांगावे असे वाटले. त्यात आमच्या एका जुन्या चुकीचाही हिशेब आहे.

पेटी कसली?

टेलिफोनच्या तारा, विजेचे खांब, पाण्याच्या वाहिन्या दुरुस्त करणारे कामगार अमेरिकेत एका खास गाडीतून फिरतात. पिकअप गाडीचा मागचा हौदा काढून त्या जागी जाड पत्र्याची एक मोठी पेटी बसवलेली असते. दोन्ही अंगांना कपाटे, प्रत्येक कपाटाला कुलपाचे दार, आत अवजारांचे कप्पे आणि मधोमध मोकळी जागा. हिला तिकडे युटिलिटी बॉडी किंवा सर्व्हिस बॉडी म्हणतात. गाडीचे इंजिन थकते, गाडी भंगारात जाते. पण पेटी पुष्कळदा धडधाकट राहते. मग हौशी लोक ती विकत घेतात आणि तिचा ट्रेलर बनवतात. कपाटे तयारच असतात. एकात भांडी, एकात अवजारे, एकात अंथरूण-पांघरूण. पाऊस-धूळ आत येऊ नये म्हणून दारांना रबर असते. नवा कारखान्यातला ट्रेलर घ्यायचा तर हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणून मध्यमवर्गीय माणूस भंगाराकडे वळतो.

भाईजाननी ही पेटी हिवाळ्यातच आणून ठेवली होती. भंगारवाल्याच्या काट्यावर तिचे वजन ४७० किलो भरले. त्याने साडेचारशे डॉलर सांगितले होते. भाभी सोबत होत्या. नगरच्या बाजारात घडलेली जीभ ती, तिथेही पन्नास डॉलर कमी करूनच राहिली.

अशी पेटी घेताना काय पाहायचे, हे पुतण्याने आम्हाला दाखवले. रंगावर भुलायचे नाही. खाली वाकून तळाच्या पत्र्यावर हातोडीने हलके ठोकायचे. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, भद्द आवाज आला तर गंजाने पोखरलेला. दारे उघडून-मिटून पाहायची. दार घासत असेल तर पेटी कुठेतरी पिळलेली आहे, गाडीला अपघात झालेला असू शकतो.

घरातला ताण

आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रेलरपेक्षा मोठा प्रश्न घरात होता. पुतण्याची शाळा संपत आली होती. भाईजानना त्याने इंजिनिअरिंगला जावे असे वाटत होते. मुलाचे म्हणणे, "मला वेल्डिंग शिकायचंय." तिकडे कम्युनिटी कॉलेज नावाची सरकारी महाविद्यालये असतात, त्यांत वेल्डिंगचे रीतसर अभ्यासक्रम चालतात. भाईजान म्हणत, "मी इतक्या लांब येऊन राबलो ते मुलाच्या हाती पुन्हा हातोडा द्यायला?" आमच्या अब्बांचे गावी लोहारकामाचे छोटे दुकान होते. भाईजान त्या दुकानातून शिकून वर आले होते. त्यांचे बोलणे आम्हाला समजत होते.

आम्हीही त्यांचीच बाजू घेतली. मुलाला जवळ बसवून समजावले, "बेटा, आधी डिग्री घे. हातकाम नंतरही करता येईल." त्याने ऐकून घेतले आणि उठून गॅरेजमध्ये गेला. आम्ही वीस वर्षे वर्गात हेच बोलत आलो आहोत. तेव्हा त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही.

सांगाडा आणि भूमिती

पेटी बसवायची तर खाली भक्कम सांगाडा हवा. दोन बाय तीन इंचांच्या चौकोनी लोखंडी पाइपांचा आयत, आणि पुढे त्रिकोणी दांडी. दांडीच्या टोकाला गाडीशी जोडणारा हूक.

एका संध्याकाळी पुतण्याने चार पाइप जमिनीवर मांडले, टोकांना टाके मारले आणि टेपचे एक टोक आमच्या हातात दिले. "चाचा, कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत मोजा." एक कर्ण मोजला, मग दुसरा. अकरा मिलिमीटरचा फरक आला. त्याने टाके तोडले, एका कोपऱ्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली, पुन्हा मोजले. सात. पुन्हा मारली. तीन. शेवटी फरक एका मिलिमीटरवर आला तेव्हाच त्याने पक्के वेल्डिंग सुरू केले.

समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत असतो, हे प्रमेय आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! मुले विचारायची, "सर, याचा उपयोग काय?" आम्ही म्हणायचो, "परीक्षेला येतं." हा मुलगा ते वापरत होता. सांगाडा तिरपा झाला तर एक्सल तिरपा बसतो, चाके रस्त्यावर घासत चालतात आणि टायर लवकर संपतो.

वेल्डिंगच्या वेळी तो आम्हाला दारापलीकडे उभे करायचा. अशा पेट्यांच्या पत्र्यावर बहुधा जस्ताचा थर असतो. तो जळला की पांढुरका धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. वेल्डर लोकांना हा ताप चांगला माहीत असतो. म्हणून जोडायच्या जागेचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने घासून काढायचा, तेही मास्क लावून. गॅरेजचे दार सताड उघडे ठेवायचे, आणि धुराचा मास्क व डोक्यावरचे हेल्मेट घातल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. त्याचे हेल्मेट असे होते की ठिणगी पडताच डोळ्यांपुढची काच आपोआप काळी होई. आपल्या गल्लीतली मुले एका हातात काच धरून, कधी तर नुसती मान फिरवून वेल्डिंग करतात, ते आठवले आणि कसेसेच झाले.

चाके, ब्रेक आणि साखळ्या

पेटीला चाकांच्या कमानी मूळच्याच असतात, त्यामुळे एक्सलची जागा ठरलेली. साडेतीन हजार पौंड, म्हणजे सुमारे १,५८८ किलो भार पेलणारा एक्सल त्यांनी घेतला आणि तो पाट्यांच्या खाली बसवला, म्हणजे ट्रेलर जमिनीपासून उंच राहतो आणि दगडाला तळ लागत नाही. चाके मुद्दाम भाईजानच्या टोयोटा फोररनर गाडीच्याच मापाची, तेवढ्याच सहा बोल्टांची. त्यामुळे एकच जादा चाक दोघांना चालते. दोन चाकांमधले अंतरही गाडीइतकेच ठेवले, म्हणजे कच्च्या रस्त्यात गाडीने पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर मागे येतो.

तिकडे बऱ्याच राज्यांत तीन हजार पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. यांनी विजेवर चालणारे ब्रेक बसवले. चालकाजवळ एक छोटी कळ असते; ती दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. हुकाखाली दोन साखळ्या, त्याही एकमेकींवरून तिरप्या. का? हूक चुकून निसटला तर दांडी रस्त्यात रुतू नये, साखळ्यांच्या झोळीत पडावी. वाहन कार्यालयाने ट्रेलर तपासून क्रमांक दिला, तेव्हाच तो रस्त्यावर आणता आला.

मग आतली मांडणी. ती भाईजाननी कागदावर नीट आखली होती. मागच्या बाजूला शेगडी आणि छोटा फ्रीज. भांडी धुवायला पाणी जवळच हवे म्हणून शंभर लिटरची टाकी तिथेच मागे. बॅटरीही फ्रीजजवळ. जादा चाक मागच्या फळीवर टांगलेले. भाभी खूश झाल्या, सगळे हाताशी होते. आम्हालाही मांडणी आवडली. गॅसचे सिलिंडर मात्र बाहेर, उघड्या हवेत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. म्हणून बंद कपाटात सिलिंडर ठेवायचे नाही.

ट्रेलर शेपटी हलवू लागला

एका रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना चाचणी घ्यायची ठरली. भाईजान चालवत होते, पुतण्या शेजारी, आम्ही मागे. टाकी भरलेली, सामान लादलेले. शहरात काही जाणवले नाही. हमरस्त्याला लागून गाडीने ताशी नव्वद किलोमीटरचा वेग घेतला, बाजूने एक मोठा ट्रक गेला, आणि ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला. आधी थोडा, मग जास्त. आमची गाडीही त्याच्याबरोबर हलू लागली. पाठीमागून कोणीतरी गाडी धरून पिळते आहे असे वाटले. आम्ही कलमा पुटपुटू लागलो.

भाईजानचा पाय ब्रेककडे जात होता. पुतण्या ओरडला, "अब्बू, ब्रेक नको!" त्याने हात लांबवून ट्रेलरच्या ब्रेकची कळ दाबली. भाईजाननी स्टिअरिंग सरळ धरले आणि अॅक्सिलरेटर सोडून दिला. डोलणे हळूहळू कमी झाले. कडेला थांबलो तेव्हा कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अल्हम्दुलिल्लाह, सगळे सुखरूप होतो.

घरी येऊन भाईजान मुलावर संतापले. "तुझं वेल्डिंग! एक्सल तिरपा बसवलास. सगळे मेलो असतो आज!" मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने ग्राइंडरचा आवाज आला. तो स्वतःचे वेल्डिंग कापून काढायला निघाला होता. भाभींनी प्लग काढून घेतला.

श्रीरामपूरहून आलेले उत्तर

त्या रात्री आम्हाला एक विद्यार्थी आठवला. त्याचे नाव इथे देत नाही. नववीनंतर त्याने शाळा सोडली. आता श्रीरामपूरजवळ त्याचे स्वतःचे शेड आहे, तिथे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या बांधतो आणि दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचे फाटक त्यानेच बसवले, म्हणून नंबर होता. तिकडे रात्रीचे नऊ, इथे सकाळचे साडेआठ. व्हिडिओ कॉल लावला. तो शेडमध्येच होता.

"सलाम सर, टीचरपण आहेत का? सलाम टीचर."

आम्ही झालेला प्रकार सांगितला. पुतण्याने फोन घेऊन गॅरेजमध्ये जाऊन एकेक जोड दाखवला. मुलाचे मराठी तोडकेमोडके, तेव्हा दोघांचे बोलणे आपल्या घरच्या हिंदीत सुरू झाले. त्याने सांगाड्याचे कोपरे पाहिले, पाटे पाहिले, हब पाहिला. हुकापासून दोन्ही चाकांपर्यंतचे अंतर मोजायला लावले. दोन्ही सारखे आले. मग म्हणाला, "काम तो एक नंबर है भाई. वेल्डिंग किसने की?"

"मैंने."

"अच्छी है. पानी की टंकी किधर है?"

"पीछे."

"चाक के पीछे? और ये चाक, बॅटरी, सब पीछे? भाई, फिर हूक पे वजन क्या रहा?"

मग तो आमच्याशी मराठीत बोलू लागला. "सर, दोन चाकी ट्रॉलीत ऊस भरताना आम्ही सांगतो, माल चाकाच्या थोडा पुढं पाहिजे. हूक दबला पाहिजे. माल मागं गेला की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, पकड सुटते. लई पुढं भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. तुमची पेटी बरोबर आहे, भरलीये चुकीची. हुकाखाली वजनकाटा ठेवून बघा."

भाईजान दारात उभे राहून ऐकत होते. ते आत गेले आणि न्हाणीघरातला माणसांचे वजन करायचा काटा घेऊन आले. ट्रेलर सपाट उभा करून, दांडी गाडीला जोडताना असते त्याच उंचीवर ठेवून, हुकाखाली ठोकळा आणि ठोकळ्याखाली काटा. ठोकळ्याचे वजन वजा करून आकडा आला पाच किलो. ट्रेलरचे एकूण वजन ट्रकच्या काट्यावर १,१९० किलो भरले होते. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा; म्हणजे आमच्या ट्रेलरला किमान १२० किलो. तिथे पाच होते.

त्या मुलाने हे टक्के कोठे वाचले नव्हते. ट्रॉल्या भरून-भरून त्याला ते कळले होते. तरफेचा नियम आम्ही त्याच्याच वर्गाला शिकवला होता: टेकूपासून जितके लांब, तितका त्या वजनाचा जोर जास्त. चाक हा टेकू. चाकामागे ८० सेंटीमीटरवर शंभर किलो पाणी ठेवले, हुकापासून चाक २८० सेंटीमीटरवर असेल, तर ते पाणी हुकावरचा सुमारे २९ किलो भार उचलून नेते. तेच पाणी चाकाच्या पुढे एक मीटरवर आणले तर हुकावर सुमारे ३६ किलो भार वाढतो. टाकीची जागा बदलली की एका झटक्यात ६५ किलोंचा फरक.

भाईजान मुलाजवळ गेले. म्हणाले, "मांडणी माझी होती. चूक माझी. वेल्डिंगला मी उगाच दोष दिला." मुलाने मान हलवली. एवढेच. पण दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा एकत्र काम करताना दिसले.

फोन ठेवण्याआधी आमचा विद्यार्थी हसून म्हणाला होता, "सर, तुम्ही म्हणायचात ना, याच्या हाताला शेवटी ग्रीसच लागणार. बघा, लागलं!"

त्याने ते थट्टेत म्हटले. आम्हाला हसू आले नाही. ते वाक्य आम्हीच म्हटले होते, नववीच्या भरल्या वर्गात. वही आणली नव्हती म्हणून. वर्ग हसला होता. त्याने शाळा सोडली ती त्या वाक्यामुळेच, असे म्हणता येणार नाही. घरची परिस्थितीही होती. पण वाक्य त्याला आजही पाठ होते आणि आम्ही विसरून गेलो होतो.

डोंगरातले तीन दिवस

टाकी पुढे आली. बॅटरी पुढच्या कपाटात गेली. जादा चाक दांडीवर बसले. अवजारे आणि जड सामान, साधारण साठ किलो, पुढच्या कप्प्यांत भरले. एकूण वजन १,२५० झाले आणि काट्यावर हुकाचा भार आला १४२ किलो, म्हणजे अकरा टक्क्यांच्या वर. स्वयंपाकाची जागा मागेच राहिली; फक्त पाण्याची नळी लांब करावी लागली. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. ट्रक बाजूने गेला, ट्रेलर गाडीमागे सरळ चालत राहिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण निघालो. डेन्व्हरहून नैर्ऋत्येला केनोशा घाट लागतो, उंची दहा हजार फूट. तो उतरला की साउथ पार्कचे विस्तीर्ण पठार दिसते, कडेने बर्फाची शिखरे. पुढे जंगलातला खडबडीत रस्ता. तिकडच्या राष्ट्रीय वनांत पुष्कळ ठिकाणी फी न देता मुक्काम करता येतो. मात्र दिवसांची मर्यादा असते, आपला कचरा आपणच परत न्यायचा असतो आणि वणव्याचा धोका असेल तेव्हा शेकोटीला बंदी असते. अस्वलांचा वावर असतो म्हणून खाण्याचे सामान रात्री कुलूपबंद करावे लागते. पेटीची लोखंडी कपाटे तिथे कामी आली.

पाण्याचा हिशेब आमच्याकडे होता. शंभर लिटर, सहा माणसे, तीन दिवस. माणशी दिवसाला साडेपाच लिटर. स्वयंपाक, भांडी, वुजू सगळे त्यात. प्यायचे पाणी वेगळे. नळ सोडून वुजू करायची सवय झालेल्या मुलांना भाभींनी तांब्या दिला. एका तांब्यात वुजू होतो, हे त्यांना नव्याने कळले.

पहिल्या रात्री डाळ शिजेना. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी सुमारे नव्वद अंशांलाच उकळते. उकळी येते, पण डाळ कच्चीच राहते. भाभींनी प्रेशर कुकर आणला होता म्हणून निभावले. पुतण्या म्हणाला, "चाची, हे पण सायन्सच आहे ना?" आम्ही म्हटले, "हो बेटा, आणि पेपरातही येतं!" त्या रात्री बाप-लेक बराच वेळ बाहेर बसून बोलत होते. काय बोलले ते आम्ही विचारले नाही. निघायच्या दिवशी भाईजान म्हणाले, "संध्याकाळचा वेल्डिंगचा एक कोर्स करू दे. बाकीचं पुढं बघू."

परत आल्यावर

वाचकांपैकी कोणाला असा ट्रेलर बांधावासा वाटला तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनातच मोडतो. आरटीओच्या नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करण्यावरही १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ ने बंधने घातली आहेत. तेव्हा आधी आरटीओ, मग वेल्डिंग. पण हुकावरच्या वजनाची गोष्ट मात्र ऊस, विटा, वाळू वाहणाऱ्या प्रत्येक दोन चाकी ट्रॉलीला लागू आहे.

आम्ही अमेरिकेहून अत्तर किंवा चॉकलेट फारसे आणले नाही. बॅगेत एक वेल्डिंगचे हेल्मेट आणले, आपोआप काच काळी होणारे. ते घेऊन श्रीरामपूरला त्याच्या शेडवर गेलो. त्याच्या दोन कामगारांसमोरच आम्ही त्याला म्हटले, "तेव्हा वर्गासमोर बोललो होतो, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. ते बोलणं चुकीचं होतं. माफ कर." तो गडबडला. म्हणाला, "सर, काय हे... बसा. चहा सांगतो." चहा येईपर्यंत हेल्मेट फिरवून-फिरवून पाहत राहिला. मग विचारले, "अशी आणखी दोन मिळतील का? पोरांना पण पाहिजेत." तशी हेल्मेटे इथेही मिळतात, हे आम्ही शोधून त्याला कळवले.

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांच्या परवानगीने तो आमच्या नववीच्या वर्गावर आला. सोबत दोन चाकांवर बसवलेली लोखंडी पट्टी, सहा विटा आणि एक ताणकाटा. मुलांनी विटा पुढे-मागे ठेवून हुकावरचे वजन बदलताना पाहिले. तरफेचा धडा त्या दिवशी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "भाई, मला कामावर ठेवाल?"

तो म्हणाला, "आधी दहावी पूर्ण कर. मला कोटेशन लिहायला अजून दुसऱ्याकडे जावं लागतं. दहावी झाली की ये, मी शिकवतो."

आमच्या मोहल्ल्यांत गॅरेजवर, शेडवर काम करणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना शिकायला सांगावेच. पण ज्या कामावर त्यांचे घर चालते त्या कामाची भीती दाखवून नव्हे. आमच्या वर्गात आता ते वाक्य कोणी उच्चारत नाही, आम्हीही नाही.